एक पेला उणा

"मुमोच्या आई, आज नळाला पाणी नाही, ठाऊक आहे ना? आणि तुम्ही खुशाल सांडताय!"

वाफुलाबाबा फाटकाजवळच्या खुर्चीतून उठून आले. इमारतीचे ते राखणदार. अंगणातल्या काळ्या टाकीच्या कुलपाची किल्ली त्यांच्या कमरेच्या पट्ट्याला असे, आणि मंगळवार-शुक्रवार नैरोबीच्या ह्या भागात पाणी येत नसे, तेव्हा त्या दोन दिवशी ते स्वतःला नगरपालिका समजत.

"सांडत नाही बाबा, शिकवतेय," कावुथा म्हणाली. ती मागच्या अंगणात उकिडवी बसली होती. अंगावरच्या कपड्यांवर गुंडाळलेला निळा-पिवळा लेसो तिनं सोडून मांडीवर घेतला होता.

"पाण्याला काय शिकवायचंय? ते आपलं उताराला जातं, न शिकता."

"पाण्याला नाही हो. ह्या ओधिआंबोला."

ओधिआंबो हातात मोजपात्र घेऊन उभा होता. सव्वीस वर्षांचा, उंच, किसुमूचा. "बाबा, मी तळ्याकाठी वाढलोय," तो म्हणाला. "आमच्याकडे पाणी सांडलं तर लोक बाजूला सरकतात. मला कुठून येणार हे?"

"तळ्याकाठचा म्हणे! म्हणूनच दिवे चालू ठेवून घरी जातोस," असं म्हणून वाफुलाबाबा तिथंच पायरीवर टेकले. पाणी वाया जात असेल तर ते निदान डोळ्यांदेखत जावं.

गोष्ट अशी होती, की वरच्या मजल्यावरच्या स्टुडिओत नऊ माणसं मिळून एक गेम बनवत होती. दुष्काळाच्या मुलखातून एक बाई आणि तिचं गाढव चाललेलं आहे, आणि पोचेपर्यंत दोघांनी जगायचं, एवढाच खेळ. बाईपाशी वीस लिटरचा पिवळा कॅन. गाढव अडखळलं की कॅन पडतो, पाणी सांडतं. ते परत मिळवायला ओधिआंबोनं एक बटण दिलं होतं. बटण दाबलं की पाणी कॅनमध्ये.

कावुथाचं काम ते तपासायचं. दिवसातून शंभरदा कॅन पाडायचा, शंभरदा बटण दाबायचं, पाणी आलं का बघायचं आणि संध्याकाळी यादीत लिहायचं: बरोबर आहे. नऊ वर्षं ती हेच करत आली होती. कधी पाण्याऐवजी बंदुका असत, कधी मोटारी. दारातून आत जाता येतं का, भिंतीतून आरपार जाता येत नाही ना. नवरा मोम्बासाला बोटीच्या कामाला गेला आणि तिकडचाच झाला, त्या वर्षी ही नोकरी लागली होती. तिच्या यादीवर कुणी कधी बोट ठेवलं नव्हतं. पण मागच्या सोमवारी 'बरोबर आहे'च्या खाली तिनं कुणी न विचारलेली एक ओळ लिहिली: 'पाणी असं परत येत नाही.'

ओधिआंबो यादी घेऊन तिच्या टेबलाशी आला होता. "मग कसं येतं?"

आणि मालकीण मुथोनी, जी नेमकी तिथून चालली होती, थांबून म्हणाली होती, "दाखवा बरं."

मुथोनीबाई काही वाईट बाई नव्हती. जे असेल ते तोंडावर सांगायची. महिनाअखेरीला कावुथाचा करार संपणार होता, आणि पुढच्या महिन्यापासून कॅन पाडायचं काम यंत्र करणार होतं, तासाला हजारदा. तिनं ते तसंच सांगितलं होतं. आता त्यात एवढी भर घातली: "शुक्रवारी बाहेरची सहा मुलं खेळून बघायला येतायत. हे पाण्याचं त्यांना रुचलं, तर पुढे दूध आहे, तेल आहे, पेज आहे. ते सगळं घडवायला माझ्याकडे माणूस नाही. ती खुर्ची तुमची. नाही रुचलं, तर पुन्हा बटण."

मुमोच्या शाळेची दोन वर्षं उरली होती. म्हणून मंगळवारी, नळाला पाणी नसताना, कावुथा अंगणात पाणी सांडत बसली होती.

जुन्या सिमेंटच्या हौदात बांधकामाची वाळू भरली होती. तिच्यावर तिनं पाच लिटर पाणी ओतलं. पाणी दिसेनासं झालं.

ओधिआंबो लगेच ओल्या जागी हात घालायला गेला.

"हं! तिथं नाही. तिथं उकरलंस की वाळू ढासळते आणि होतं नव्हतं ते पिऊन टाकते. बाजूला खण. वीतभर लांब."

"कोरड्या जागी?"

"कोरडीच बघ. खाली खडक असला की पाणी कुठं जाणारेय? तळाला सरकत येतं. तुझ्याकडे येतं ते. खण आणि थांब."

"किती वेळ?"

"वाळू सांगेल तेवढा."

"मुमोच्या आई, मला आकडा लिहायचाय. 'वाळू सांगेल' असं मशीनला कसं सांगू?"

"मग लिही, गाणं एकदा म्हणून होईतो."

वाफुलाबाबा खोकले. "कुठलं गाणं?"

कावुथा हसली. मग वाळूकडे बघत, गळ्यातल्या गळ्यात, तिच्या गावच्या थुआ नदीच्या कोरड्या पात्रात बायका म्हणत ते म्हणाली. म्हणाली कसली, पुटपुटली:

*हळू उपस गं बाई, वाळू निजलेली खाली,*
*तिच्या कुशीतलं पाणी, तान्ह्यावाणी घे गं वरी.*
*घाई करील जी कोणी, तिच्या ओंजळी गं गाळ,*
*थांबेल ती पिईल, आणि पिईल तिचं बाळ.*

गाणं संपलं, आणि खड्ड्याच्या तळाची वाळू आधी काळसर झाली, मग चमकली. मग तिथं पाणी होतं.

"बापरे," ओधिआंबो म्हणाला.

मुरुमावर सांडलं तर खणायचं नाही, वरच्या वर अर्ध्या तुंब्यानं खरवडून घ्यायचं आणि गाळ खाली बसू द्यायचा. तुंबा नव्हता, म्हणून तिनं पाण्याची बाटली उभी चिरून घेतली. सिमेंटवर, म्हणजे त्यांच्याकडे खडकावर, लेसो पसरायचा. पुसायचं नाही, टिपायचं, आणि भांड्यावर पिळायचा. ओधिआंबो प्रत्येक वेळी मोजत होता, फोनवर लिहीत होता. वाफुलाबाबांनी तर दोनदा स्वतःहून टाकीचं कुलूप उघडून दिलं.

शेवटी ओधिआंबोनं कपाळाला आठ्या घातल्या. "एक विचारू? खड्ड्यात अजून आहे की पाणी. काढा ना."

"असू दे."

"पण का? मुरुमावरही ठेवलंत. आणि लेसो तर शेवटी नीट पिळलाच नाही तुम्ही. मी बघत होतो." त्यानं मोजपात्र खड्ड्यात बुडवलं, राहिलेलं पाणी मोजलं. "एक पेला. सिमेंटवरचाही धरला तर तोही एक पेलाच. तिन्ही वेळेला सारखा. हे आपोआप कसं होईल?"

कावुथानं आपल्या हाताकडे बघितलं. तिला खरंच ठाऊक नव्हतं.

तिच्या आईचं नाव स्योम्बुआ. जाऊन सहा वर्षं झाली होती. कावुथा अकरा वर्षांची असताना, दोन पावसाळे कोरडे गेले त्या साली, मायलेकी पहाटे निघून नदीच्या खड्ड्यांवर नंबर लावून दुपारी परतत होत्या. घर तासाभरावर राहिलं असताना खडकाळ चढावर गाढवाचा पाय सरकला. कॅनचं झाकण उडालं. गाढव उठून उभं राहीपर्यंत वीस लिटर पाणी खडकावरून पसरत पसरत खालच्या खळग्यात चाललं होतं.

झाकण कावुथानं लावलं होतं. तिनं डोळे मिटून घेतले, आता पाठीत बसणार म्हणून. काही बसलं नाही. डोळे उघडले तेव्हा आई डोक्याचं फडकं, अंगावरचा लेसो, सगळं सोडून खडकावर पालथी पडली होती, पाण्याला चारी बाजूंनी कवेत घेतल्यासारखी. "बघत काय राहिलीस? तुझा झगा काढ," एवढंच म्हणाली. दोन तास लागले. खडकावरचं टिपलं, खळग्यातलं उपसलं, खळग्यातल्या वाळूलाही थांबून थांबून विचारलं. कॅन अर्ध्याच्या वर आला. कावुथाची जीभ टाळूला चिकटली होती. आणि खळग्याच्या तळाशी स्वच्छ, निवळलेलं, पेलाभर पाणी दिसत असताना आई उठली आणि कॅनला झाकण लावायला लागली.

"आई, अजून आहे."

"चल."

"आई, मला तेवढं पिऊ दे."

"ते आपलं नाही."

"मग कुणाचं?"

आईनं तोंड फिरवलं. गाढवाचा दोर सोडवता सोडवता, जणू गाढवालाच, म्हणाली, "खाली गेलेल्यांनाही तहान लागते. त्यांना सांगायला तोंड नाही. चल."

त्या पेल्यावरून कावुथानं आईशी चार दिवस अबोला धरला होता. पुढे शाळा, लग्न, नैरोबी. नळ. तीस वर्षांत तिला त्या पेल्याची आठवण आली नव्हती. हाताला मात्र कुणी विसर म्हणून सांगितलं नव्हतं.

"आमच्याकडे शेवटचा पेला ठेवतात," ती ओधिआंबोला म्हणाली.

"मग गेममध्येही ठेवतो," असं म्हणून त्यानं फोनवर लिहून घेतलं.

*

शुक्रवारी कॉलेजची सहा मुलं आली. सहा पडदे, सहा खुर्च्या, मध्ये मंदाझींची, तळलेल्या गोड वड्यांची, परात. मुथोनीबाई मागे हाताची घडी घालून उभी. कावुथा कोपऱ्यात, मांडीवर यादी.

पहिल्या मुलाचं गाढव अडखळलं. कॅन पडला.

"अरेच्चा," मुलगा म्हणाला, आणि मागच्या मुक्कामापासून खेळ पुन्हा सुरू केला. तिथं कॅन भरलेला होता. गाढव अजून अडखळायचं होतं.

दुसऱ्यानं तेच केलं. तिसरी मुलगी, चौथी, पाचवा, सगळ्यांनी तेच. सांडलं, की मागे जायचं. सांडलंच नव्हतं असं करायचं.

कावुथाला ते सुचलंही नव्हतं. ओधिआंबोलाही नाही. इतके दिवस पाणी कसं परत आणायचं ह्यात दोघं बुडालेले, आणि इथं मुलं अख्खी सकाळच परत आणत होती. मुथोनीबाईनं कावुथाकडे बघितलं नाही. न बघण्यात सगळं आलं.

सहावा किप्तू नावाचा एक जाडसर, झोपाळू मुलगा होता. आल्यापासून त्यानं चार मंदाझी संपवल्या होत्या आणि पाचवी तोंडात होती. त्याचाही कॅन पडला. दोन्ही हात तेलकट असल्यानं मागे जायचं बटण त्याला चटकन दाबता आलं नाही. तो एका बोटानं पुढे सरकला आणि बघत राहिला. पडद्यावरची बाई वाकली. वाळूवर हात ठेवून थांबली.

"हे काय आहे?" किप्तू म्हणाला, आणि खणू लागला.

"ओल्या जागी काय खणतोयस? ढासळलं बघ," शेजारची मुलगी.

"गप गं. बाजूला खणतो."

"विहीर पाडतोस का रे?"

"अगं गप्प बस, येतंय काहीतरी."

बाकीची पाच मुलं खुर्च्या सरकवून त्याच्या मागे आली. पडद्यावर काही होत नव्हतं. कुणीतरी म्हणालं, अडकलं वाटतं. किप्तूनं हात वर केला. गाणं एकदा म्हणून होईल एवढा वेळ सहाही मुलं एका खड्ड्याकडे बघत राहिली. मग तळाची वाळू काळसर झाली.

"आलं! आलं!"

अशी ओरडली, की खालून वाफुलाबाबांनी विचारलं, "नळाला?"

त्यानंतर प्रत्येकाला कॅन पाडायचाच होता. मुद्दाम गाढवाला खडकावर नेऊन पाडत होते. कुणी मुरुमावर, कुणी खडकावर, कुणाला लेसो सापडला. जेवणाच्या सुट्टीत घेवडा आणि चपाती पुढ्यात असतानाही तीच भांडणं: तुझं किती आलं, माझं किती आलं. कावुथाची यादी कोरीच राहिली. ती मुलांची तोंडं बघत होती.

संध्याकाळी मुलांनी भरलेले कागद मुथोनीबाईनं वाचून दाखवले. पाणी आवडलं, सहाच्या सहांना. "कावुथा, खुर्ची तुमची," ती म्हणाली, आणि तोंडभर हसली. ओधिआंबोनं टेबलावर ठेका धरला.

"फक्त एक राहिलं." तिनं कागद पुन्हा उलटे केले. "सहाही जणांनी लिहिलंय. 'शेवटचं एक पेला पाणी काढता येत नाही, हात पोचत नाही, गेममध्ये चूक आहे.' ओधिआंबो, तेवढं दुरुस्त करून टाक."

ओधिआंबोनं कावुथाकडे बघितलं.

"ती चूक नाही, मॅडम," कावुथा म्हणाली. "ठेवलाय तो. आमच्याकडे शेवटचा पेला काढत नाहीत. जे खाली गेलेत त्यांच्यासाठी."

मुथोनीबाईचे डोळे मोठे झाले. ती खुर्ची ओढून समोर बसली. "अहो, मग हे आधी नाही का सांगायचं? माझी आजी गावाकडे, न्येरीला, दारूचा पहिला घोट अंगणात ओतायची! मला वाटायचं म्हातारीचा हात कापतो." ती क्षणभर स्वतःशीच हसली. मग मालकीण झाली. "हे दाखवायचं आपण. खड्ड्यात तेवढा पेला राहिला, की वर अक्षरं येतील: 'हा पेला पूर्वजांचा.' मागे हळूच ढोल. कावुथा, परदेशातली माणसं डोळे पुसतील हो. गेमची ओळखच होईल ती."

तिच्या बोलण्यात खोट नव्हती. आजीच्या आठवणीनं तिचाही आवाज थोडा ओला झाला होता. म्हणूनच कावुथानं मनात तो पडदा आणून बघितला. खडक, खळगा, तळाचं निवळ पाणी. त्याच्यावर अक्षरं. ढोल.

"नको," ती म्हणाली.

"का बरं?"

"माझी आई तो पेला ठेवताना तोंड फिरवायची, मॅडम. बघितलं असंसुद्धा दाखवायची नाही. मी त्याच्यापुढे ढोल कसा वाजवू?"

मुथोनीबाईनं टेबलावरचे कागद सारखे केले. "मी समजू शकते. पण मग माझ्याकडे दोनच रस्ते राहतात. काही न सांगता ठेवला, तर विकत घेणारा प्रत्येक माणूस त्याला चूक म्हणणार. सांगायचं नसेल, तर काढावा लागेल. तुम्ही म्हणाल ते."

नऊ वर्षांत 'तुम्ही म्हणाल ते' असं कावुथाला कुणी म्हटलं नव्हतं.

"काढा," ती म्हणाली.

*

सोमवारी सकाळी ओधिआंबो तिच्या नव्या खुर्चीशी वाकून उभा राहिला. ती आता खिडकीजवळ बसत होती. आवाज खाली आणून म्हणाला, "मी एक केलंय. आकडा पूर्ण दिसेल. वीस म्हणजे वीस. पण आत, कोडमध्ये, पेला खालीच राहील. कुणाला कळणार नाही. ना खेळणाऱ्याला, ना मॅडमना. तुम्हाला आणि मला ठाऊक. तुमच्या आईलाही हेच आवडलं असतं, नाही का? न सांगता."

तिला त्या पोराचा लळा वाटला. रविवारी सगळे चर्चला गेले असताना तो हे करत बसला असणार.

"म्हणजे कॅनवर वीस लिहिलेलं, आणि आत वीस नाहीत."

"पेलाभरच कमी."

"ओधिआंबो, ती बाई त्या कॅनच्या भरवशावर चाललीय. शेवटच्या दिवशी तिला वाटेल अजून पेलाभर आहे, आणि नसेल." तिनं त्याच्या हातावर हात ठेवला. "माझी आई कॅनमध्ये किती आहे ते बरोबर जाणून होती रे. म्हणून ठेवायची. पडद्यावर एक आणि आत एक, असं मी नऊ वर्षांत कधी पास केलेलं नाही. काढ ते."

"नक्की?"

"काढ."

तो आपल्या जागी गेला. अर्ध्या तासानं म्हणाला, "झालं. तपासून घ्या."

कावुथानं गाढवाला वाळूत नेलं. कॅन पाडला. वीतभर बाजूला खड्डा खणला आणि थांबली. पाणी आलं. ती उपसत गेली. पूर्वी जिथं हात थांबायचा तिथं ह्या वेळी थांबला नाही, बाईच्या ओंजळीत तळाचंही पाणी आलं. कोपऱ्यात आकडा दिसला: वीस. आतला आकडा उघडून बघितला. तोही वीस. तिनं यादी ओढली आणि त्या ओळीपुढे लिहिलं: बरोबर आहे.

पुढची ओळ मुरुमाची होती.

पण तिनं गाढव लगेच हलवलं नाही. पडद्यावर खड्डा होता, तळापर्यंत कोरडा, खाली गेलेल्यांसाठी थेंबही न उरलेला. खेळात खड्डा तसाच टाकून जाता येत असे. सहाही मुलं तशीच पुढे गेली होती, यादीतही त्याबद्दल काही नव्हतं. कावुथानं पडद्यावरच्या बाईला खाली बसवलं, आणि एकेक मूठ वाळू आत लोटत, घाई न करता, तो खड्डा बुजवला.